रॅम ते आयएमईआय: पुण्यातून सतत विचारले जाणारे प्रश्न, साध्या मराठीत

कोथरूडच्या सोसायट्यांचे सेक्रेटरी, नारायण पेठेतले डीटीपीवाले, स्पर्धा परीक्षेचे फॉर्म भरणारी मुलं आणि नुकतेच स्मार्टफोनकडे वळलेले आजी-आजोबा यांच्याकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून क्रमांक घातले आहेत; एका उत्तरात दुसऱ्याचा संबंध आला तर क्रमांक दिला आहे. शब्द पाठ करायची गरज नाही. वस्तू नेमकी कुठे आहे आणि तिचा ताबा कोणाकडे आहे, एवढं कळलं तरी बहुतेक निर्णय आपले आपल्याला घेता येतात.

१. दुकानदार फोन दाखवताना ‘आठ-एकशे अठ्ठावीस’ म्हणतो. यातली रॅम कुठली आणि स्टोरेज कुठलं?

८ जीबी ही रॅम, १२८ जीबी हे स्टोरेज. चालू असलेली अ‍ॅप्स रॅममध्ये काम करतात आणि फोन बंद झाला की तिथलं सगळं पुसलं जातं. फोटो, व्हिडिओ, रोज सकाळी येणारी ‘शुभ प्रभात’ची चित्रं स्टोरेजमध्ये साठतात आणि फोन बंद असला तरी राहतात. म्हणून ‘मेमरी फुल’चा इशारा जवळजवळ नेहमी स्टोरेजचा असतो. ‘रॅम साफ करून देतो’ म्हणणाऱ्या अ‍ॅपचा तिथे काही उपयोग नाही. अशी अ‍ॅप्स टाकूच नका.

आणखी एक. जाहिरातीत ‘८ जीबी + ८ जीबी रॅम’ असं लिहिलं असेल तर दुसरे ८ जीबी खरी रॅम नव्हे. स्टोरेजचाच एक तुकडा रॅमसारखा वापरतात. तो बराच संथ असतो. फोनची तुलना करताना पहिलाच आकडा धरा.

२. ५१२ जीबीचा लॅपटॉप घेतला, पण आत ४७६ जीबीच दिसतात. फसवलं का?

नाही. डिस्क बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणजे त्याच्या हिशेबात १ जीबी सुमारे १०७ कोटी ३७ लाख बाइटांचा होतो. तीच जागा, पण मोजमाप मोठं, म्हणून आकडा लहान. याच हिशेबाने १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते. फोनमध्ये कमी दिसण्याचं मोठं कारण मात्र वेगळं: अँड्रॉइड आणि कंपनीने आधीच भरलेली अ‍ॅप्स बरीच जागा खातात.

३. लॅपटॉप फार हळू चालतो. रॅम वाढवू की एसएसडी टाकू?

आत जुनी हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी. हार्ड डिस्कमध्ये फिरणारी तबकडी असते आणि तिच्यावरचं वाचायला एक दांडी इकडेतिकडे सरकावी लागते. एसएसडीमध्ये हलणारं काहीच नसतं, सगळं चिपवर असतं. सुरू व्हायला पाच-पाच मिनिटं घेणारा लॅपटॉप एवढ्या एका बदलाने सुधारतो. आधीच एसएसडी असेल आणि रॅम ४ जीबीच असेल तर मग रॅमकडे वळा.

तापकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाण्यापूर्वी लॅपटॉपच्या मागचा मॉडेल नंबर फोटो काढून न्या. ‘साटा’ आणि ‘एनव्हीएमई’ या दोन जातींच्या एसएसडी सहसा एकमेकींच्या जागी चालत नाहीत. दोन्ही एकाच आकाराच्या पट्टीतही मिळतात, त्यामुळे नुसतं बघून घेऊ नका. खर्चाआधी एक पाहा: विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. लॅपटॉप विंडोज ११ घेत नसेल तर त्याच्यावर खर्च करताना हात आखडता घ्या.

४. माझ्या लॅपटॉपचा वेग गिगाहर्ट्‌झमध्ये, पण बातम्यांत सुपरकॉम्प्युटरचा पेटाफ्लॉपमध्ये. असं का?

गिगाहर्ट्‌झ म्हणजे प्रोसेसरचा ठोका सेकंदाला किती अब्ज वेळा पडतो. फ्लॉप म्हणजे सेकंदाला दशांश चिन्हाची किती गणितं सुटतात. सुपरकॉम्प्युटरमध्ये हजारो प्रोसेसर एकाच वेळी राबतात, तिथे एकाचा ठोका सांगून काही कळत नाही. पेटाफ्लॉप म्हणजे एकावर पंधरा शून्यं. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत हवामानासाठी बसवलेल्या ‘अर्क’ची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप आहे. हा वारसा पुण्याचाच: अमेरिकेने क्रे कंपनीचा सुपरकॉम्प्युटर द्यायला नकार दिल्यावर १९८८ मध्ये इथे सी-डॅक हे संगणक संशोधन केंद्र उभं राहिलं आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला.

५. १०० एमबीपीएसचं कनेक्शन घेतलं, पण डाउनलोड १२ एमबीच्या वर जात नाही. कंपनीशी भांडू का?

भांडू नका, ते बरोबरच देत आहेत. कनेक्शनचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, फाइल मोजतात मेगाबाइटमध्ये आणि ८ बिटांचा १ बाइट. १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा. मोठा आकडा जाहिरातीत छान दिसतो, म्हणून ही पद्धत कोणी सोडत नाही. साडेबाराऐवजी दोन-तीनच मिळत असतील तर आधी लॅपटॉप राउटरला वायरने जोडून वेग पाहा. वायरवर वेग नीट आला तर अडचण तुमच्या घरातल्या वायफायची, प्रश्न ७ वाचा. वायरवरही नाही आला तर भांडा.

६. वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात, तरी नेट चालत नाही. हे कसं?

रेघा फक्त तुमचा फोन आणि घरातला राउटर यांच्यातल्या अंतराच्या आहेत. राउटरच्या पुढे, म्हणजे रस्त्यावरून येणाऱ्या फायबरमध्ये काय चाललंय, ते त्या सांगत नाहीत. भिंतीवर फायबरची पिवळी किंवा पांढरी बारीक वायर ज्या डबीत जाते तिच्यावर ‘एलओएस’ नावाचा दिवा असतो. तो लाल असेल तर बाहेरून प्रकाशच पोचत नाहीये. रस्ता खोदला की पुण्यात हे नित्याचं. अशा वेळी राउटर दहादा बंद-चालू करून काही होत नाही, तक्रार नोंदवा. दिवा लाल नसेल तर मात्र राउटर एकदा बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करायला हरकत नाही.

७. घरच्या वायफायची दोन नावं दिसतात, एकाच्या शेवटी ‘५जी’ आहे. हे मोबाइलचं ५जी का?

अजिबात नाही. मोबाइलचं ५जी म्हणजे पाचवी पिढी. वायफायच्या नावातलं ५जी म्हणजे ५ गिगाहर्ट्‌झ लहरी. पाचवाली लहर वेगवान, पण भिंतीतून जाताना लवकर थकते. २.४ वाली संथ, पण लांब पोचते. पेठांतल्या जुन्या जाडजूड भिंतींच्या घरात राउटरच्या खोलीत ५ आणि मागच्या खोलीत २.४ वापरा. स्मार्ट दिवे, कॅमेरे असली स्वस्त उपकरणं बहुतेकदा फक्त २.४ लाच जोडली जातात. ‘कॅमेरा वायफाय पकडत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं.

८. ‘फोटो क्लाउडवर आहेत’ म्हणजे नेमके कुठे?

कुठल्यातरी कंपनीच्या इमारतीतल्या कॉम्प्युटरांवर. त्या इमारतीला डेटा सेंटर म्हणतात: रांगेने कपाटं, प्रचंड वीज, सतत चालणारं थंडावणं. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युर क्लाउडचं ‘सेंट्रल इंडिया’ केंद्र २०१५ पासून पुण्यातच आहे, त्यामुळे कुणाकुणाचं क्लाउड अगदी आपल्याच गावात असतं. तुमचे फोटो कोणत्या शहरात आहेत ते सामान्य खात्यात सहसा निवडता येत नाही.

महत्त्वाचं हे, की जागा त्यांची आणि ताबा पासवर्डचा. पासवर्ड गेला, किंवा कंपनीने खातं बंद केलं, की फोटोही गेले. म्हणून लग्नाचे, घराच्या कागदपत्रांचे फोटो एका बाहेरच्या डिस्कवरही ठेवा.

९. सिंक आणि बॅकअप एकच ना? फोनमधून फोटो उडवले तर क्लाउडवर राहतील ना?

इथे सगळ्यात जास्त लोक गमावतात, म्हणून थोडं सविस्तर. बॅकअप म्हणजे वेगळी प्रत. मूळ उडालं तरी ती राहते. सिंक म्हणजे दोन्हीकडे सारखं ठेवणं. इकडे जोडलं की तिकडे जोडलं जातं आणि इकडे उडवलं की तिकडेही उडतं.

गूगल फोटोज याला ‘बॅकअप’ म्हणत असलं तरी त्या अ‍ॅपमध्ये फोटो डिलीट केला तर तो फोनमधूनही जातो आणि क्लाउडवरूनही. फोनमध्येच जागा करायची असेल तर त्याच अ‍ॅपमधला ‘जागा मोकळी करा’ हा पर्याय वापरा. तो फक्त फोनमधली प्रत काढतो आणि तीही आधी क्लाउडवर गेलेल्या फोटोंचीच. चुकून उडालेच तर बॅकअप झालेले फोटो ६० दिवस कचरापेटीत असतात, बॅकअप न झालेले ३० दिवस.

गूगलची मोफत जागा १५ जीबी. ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज यांत मिळून आहे. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही आता तीच खातो. मेल येणं अचानक थांबलं तर आधी ही जागा भरली का ते पाहा.

१०. व्हॉट्सअ‍ॅप ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड’ आहे म्हणे. मग बॅकअपही कोणी वाचू शकत नाही ना?

एन्क्रिप्शन म्हणजे मजकूर असा बदलणं की किल्लीशिवाय तो वाचता येऊ नये. ‘एंड-टू-एंड’मध्ये किल्ली फक्त पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या फोनमध्ये असते. प्रवासातला मेसेज व्हॉट्सअ‍ॅपलाही वाचता येत नाही. पण क्लाउडवर जाणाऱ्या बॅकअपला हे संरक्षण आपोआप मिळेल असं धरून चालू नका. सेटिंगमध्ये चॅट बॅकअपखाली ते चालू आहे का पाहा, नसेल तर चालू करा. तिथे पासवर्ड ठेवलात आणि विसरलात तर तो बॅकअप कोणीच उघडून देऊ शकत नाही, हेही ध्यानात ठेवा.

११. ‘क्लिअर कॅशे’ आणि ‘क्लिअर डेटा’ यात काय दाबायचं?

कॅशे. अ‍ॅपने पुन्हा पुन्हा लागणारी चित्रं वगैरे जवळ साठवून ठेवलेली असतात, ती कॅशे. पुसली तरी नुकसान नाही, पहिल्यांदा उघडताना थोडा वेळ लागतो इतकंच. डेटा पुसला तर अ‍ॅप नव्याने टाकल्यासारखं कोरं होतं: लॉगिन, सेटिंग आणि काही अ‍ॅप्समध्ये तुमचं कामही जातं. कुकीज हा तिसरा प्रकार. वेबसाइट तुम्हाला ओळखण्यासाठी ब्राउझरमध्ये जी छोटी नोंद ठेवते ती कुकी. ती पुसली की सगळीकडे पुन्हा लॉगिन करावं लागतं.

१२. इन्कॉग्निटोमध्ये पाहिलेलं कोणालाच कळत नाही ना?

तुमच्या घरातल्यांना ब्राउझरच्या इतिहासात दिसत नाही, एवढंच. इंटरनेट कंपनीला, ऑफिसच्या नेटवर्कला, समोरच्या वेबसाइटला तुम्ही आलात हे कळतंच.

१३. पत्त्याच्या आधी ‘एचटीटीपीएस’ आहे, कुलूपही आहे. म्हणजे साइट खरी?

खरी असेलच असं नाही. त्याचा अर्थ एवढाच, की तुम्ही आणि ती साइट यांच्यातलं बोलणं मध्ये कोणी वाचू शकत नाही. पाकीट नीट चिकटवलेलं आहे, पण ते ज्याच्या हातात पडणार तोच भामटा असू शकतो. फसव्या साइटलाही हे कुलूप फुकटात मिळतं. लोकांचा गैरसमज होतो म्हणूनच क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह बदललं.

खरेपणा पत्त्यात पाहायचा आणि पत्ता उजवीकडून वाचायचा. पहिली तिरकी रेघ येईपर्यंतचा भाग घ्या आणि त्यातले शेवटचे दोन-तीन शब्द पाहा. महावितरणची साइट ‘महाडिस्कॉम डॉट इन’ वर संपते. समजा पत्ता ‘महाडिस्कॉम डॉट बिलभरा डॉट कॉम’ असा असेल, तर मालक बिलभरा, महावितरण नव्हे. पुढे कितीही ओळखीचं नाव लिहिलेलं असो.

१४. ‘ओटीपी आणि पिन कोणालाही देऊ नका’ म्हणतात. मग सिलिंडर आणणारा कोड मागतो, त्याचं काय?

त्याला द्यायचा. नियम असा धरा: मेसेज पूर्ण वाचा, कोड कशासाठी ते त्यात लिहिलेलं असतं. वस्तू पोचल्याचा कोड असेल आणि वस्तू तुमच्या दारात, तुमच्या हातात असेल तर सांगायला हरकत नाही. फोनवरून, वस्तू आलेली नसताना, कोणीही मागितला तर नाही.

यूपीआय पिनचं वेगळं आहे. तो कुणालाच सांगायचा नसतो, स्वतःच टाकायचा असतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. ‘तुमचा जुना सोफा घेतो, पैसे पाठवतो, फक्त पिन टाका’ असं कोणी म्हणालं की फोन ठेवा. शिल्लक तपासताना मात्र अ‍ॅप पिन मागतं, ते ठीक आहे. आणि ‘स्टार ४०१ स्टार’ असं काही डायल करायला सांगणाऱ्यापासून सावध राहा. त्याने तुमचे कॉल दुसऱ्या नंबरवर वळतात, त्यात फोनवरून ऐकवले जाणारे ओटीपीही आले.

१५. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘चलन डॉट एपीके’ आलं आहे. उघडू का?

नका. एपीके ही अँड्रॉइड अ‍ॅपचीच फाइल. उघडणं म्हणजे प्ले स्टोअरची तपासणी टाळून अनोळखी अ‍ॅप फोनमध्ये बसवणं. वाहतुकीचं चलन, आज रात्री तुटणारी वीज, लग्नाची पत्रिका अशी वेगवेगळी सोंगं घेऊन ती येते. एकदा एसएमएस वाचायची परवानगी मिळाली की बँकेचे ओटीपी भामट्यांकडे पोचतात. ओळखीच्या नंबरवरून आली म्हणून विश्वास ठेवू नका, त्याचाच फोन बाधित झालेला असू शकतो. दंड खरंच आहे का ते वाहतूक विभागाच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून पाहता येतं.

बसवून झालं असेल तर लगेच नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. इथे तास-अर्ध्या तासाने फरक पडतो, मुलगा घरी येईपर्यंत थांबू नका.

१६. फॉर्मवर फोटो ‘२० ते ५० केबी’ हवा असतो. माझा ३ एमबीचा आहे. कापून लहान करू?

फक्त कापून होणार नाही. फाइलचं वजन दोन गोष्टींवर ठरतं: फोटोत ठिपके, म्हणजे पिक्सेल, किती आणि ते किती दाबून साठवले आहेत. पासपोर्ट आकाराच्या फोटोला, म्हणजे ३.५ बाय ४.५ सेंटिमीटरला, ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ४१३ बाय ५३१ पिक्सेल पुरतात. आधी पिक्सेल कमी करा, मग जेपीजी म्हणून साठवताना दर्जा थोडा खाली आणा. ५० च्या आत सहज बसतो. मूळ फोटो दुसऱ्याला द्यायचा तर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नुसता फोटो म्हणून पाठवला की वाटेत आणखी दाबला जातो.

१७. मराठी पत्रिका दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की इंग्रजी अक्षरांची गिचमिड दिसते. फाइल बिघडली का?

फाइल ठीक आहे. ती श्रीलिपी किंवा आयएसएमसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप झाली आहे. दोन्ही पुण्यातच घडलेली, आणि मराठी छपाईने त्यांच्यावर वर्षानुवर्षं काम केलं. त्या पद्धतीत फाइलमध्ये प्रत्यक्ष साठतात ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची स्थानं. फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकार काढतो. फॉन्ट नसला की खालचं उघडं पडतं.

युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून कुठल्याही फोनवर ते मराठीच दिसतं आणि शोधताही येतं. जुनी फाइल कन्व्हर्टरने बदलता येते, पण मुद्रितशोधन टाळू नका. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठते, युनिकोडमध्ये नंतर. वेलांट्या आणि रफार तिथेच घसरतात. पानं लावायच्या इनडिझाइन प्रोग्रॅममध्ये जोडाक्षरं फुटत असतील तर परिच्छेदाचा कंपोझर ‘वर्ल्ड-रेडी’ करा.

१८. युनिकोडच वापरतो, तरी ‘दुसऱ्या’ लिहिताना ‘दुसर्या’ होतं.

साधा र, हलन्त, य असं टाइप केलं की रफार होतो. ‘ऱ्या’साठी नुक्त्याचा ऱ घ्यावा लागतो: ऱ, हलन्त, य. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर र च्याच कळीवर शिफ्ट धरून तो येतो. कंटाळा करू नका, आचार्यांना जेवायला बोलावणं आणि आचाऱ्यांना बोलावणं यात फरक आहे.

अडचण पुढची आहे. काही कीबोर्ड साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह घालून तोच आकार काढतात. डोळ्यांना दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला वेगळे. त्यामुळे ‘कऱ्हाडे’ हे आडनाव यादीत असून शोधल्यावर सापडत नाही. सोसायटीची किंवा संस्थेची यादी करताना सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरावा, हा सोपा उपाय.

१९. सोसायटीतर्फे मराठीत एसएमएस पाठवला तर दुप्पट पैसे कापले. का?

इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, मराठीत ७०. त्यातही काना, मात्रा, हलन्त स्वतंत्र मोजले जातात. ‘नमस्कार’ दिसायला चार अक्षरांचा, मोजणीत सात. गंमत म्हणजे पूर्ण इंग्रजी मेसेजमध्ये एकच मराठी अक्षर घातलं तरी सगळा मेसेज ७० च्या हिशेबात जातो.

२०. डाउनलोड केलेल्या सातबाऱ्यावर सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह येतं. सही खोटी आहे का?

आधार कार्डाच्या पीडीएफवरही तेच दिसतं, आणि दोन्हीकडे कारण एकच. डिजिटल सही म्हणजे सहीचं स्कॅन केलेलं चित्र नव्हे. कागदातल्या मजकुरावरून गणिताने काढलेला शिक्का असतो. नंतर एक अक्षर जरी बदललं तरी तो जुळत नाही. सही करणाऱ्याला प्रमाणपत्र देणारी यंत्रणा तुमच्या पीडीएफ वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या ओळखीची नसते, म्हणून तो प्रश्नचिन्ह टाकतो. कॉम्प्युटरवर अ‍ॅडोबी रीडरमध्ये सहीवर क्लिक करून प्रमाणपत्र ‘ट्रस्टेड’ यादीत घातलं की हिरवी खूण येते. पण प्रमाणपत्र कोणाच्या नावाचं आहे ते वाचल्याशिवाय घालू नका. मोबाइलवर हे सहसा जमत नाही.

लाल फुली आली तर गोष्ट वेगळी: फाइल सहीनंतर बदललेली असू शकते, पुन्हा डाउनलोड करा. आणि छापून घेतलेल्या कागदावरची सही तपासता येत नाही, त्यामुळे पडताळणी क्रमांक किंवा क्यूआर कोड कापला जाणार नाही असं छापा. महाभूमी या जमिनीच्या नोंदींच्या सरकारी साइटवर १५ रुपये भरून मिळणारा सातबारा सहीचा. फुकट दिसणारा फक्त माहितीसाठी, तो बँकेत चालत नाही.

२१. पीएमपीएमएलच्या बसमध्ये गर्दीत फोन गेला. ‘आयएमईआय ब्लॉक करा’ म्हणतात, ते काय? आणि ई-सिम असेल तर?

आयएमईआय हा फोनचा स्वतःचा १५ आकडी क्रमांक, सिमचा नव्हे. दोन सिमच्या फोनला दोन असतात. खोक्यावर आणि बिलावर छापलेला असतो. फोन हाताशी असतानाच ‘स्टार हॅश शून्य सहा हॅश’ दाबून तो लिहून ठेवा.

फोन गेल्यावर आधी कंपनीला सांगून सिम बंद करा, मग बँकेला कळवून यूपीआय थांबवा. त्यानंतर पोलिसांत तक्रार द्या आणि तिची प्रत घेऊन संचार साथी या सरकारी साइटच्या सीईआयआर विभागात आयएमईआय ब्लॉक करा. नंतर दुसरं सिम घातलं तरी तो फोन देशातल्या नेटवर्कवर चालत नाही. सापडला तर तिथूनच पुन्हा चालू करता येतो.

ई-सिम फोनमध्येच बसवलेलं असतं, चोराला ते काढून फेकता येत नाही. म्हणून सिम बंद करण्याआधी दुसऱ्या फोनवरून, हरवलेला फोन शोधायच्या ‘फाइंड’ सेवेने ठिकाण पाहून घ्या आणि फोन लॉक करा. त्यात पाच मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका. नवं सिम घेतल्यावर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत, हा फसवणूक टाळण्यासाठीचा नियम आहे, सिम खराब नाही. तोवर ओटीपी लागणारं बँकेचं काम शाखेत जाऊनच करावं लागेल.